बर्फाखालची खोटी कोळंबी

उरल आणि सैबेरियाच्या तळ्यांत, नद्यांत एक बारीक जीव राहतो. लांबी एक-दोन सेंटिमीटर, अंग बाकदार, पाय भरपूर. प्राणिशास्त्रात त्याला गॅमरस म्हणतात, तिथले लोक म्हणतात 'मॉर्मिश'. आपल्या कोळंबीचा हा गोड्या पाण्यातला लांबचा नातेवाईक. हिवाळ्यात वर बर्फाची लादी पसरलेली असते, तेव्हाही हा खाली पाय मारत फिरत असतो आणि मासे त्याला खात असतात.

माणसांनी हे पाहिलं. शिशाच्या एका थेंबात गळ बसवला, थेंबाला आरपार भोक पाडलं, त्यातून दोरा ओवला आणि बर्फातल्या भोकातून तो खाली सोडून थरथरवला. या वस्तूचं नाव पडलं 'मॉर्मिश्का', म्हणजे छोटा मॉर्मिश. एक ग्रॅमही वजन नसलेली ही खोटी कोळंबी आज रशियापासून फिनलंडपर्यंत लाखो लोकांच्या खिशातल्या डबीत असते.

मी फिनलंडच्या उत्तरेला, ऊलू शहरात सॉफ्टवेअर लिहिते. शहरातून ऊलूयोकी नदी वाहते आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर स्टूल टाकून बसलेली माणसं इथे रोज दिसतात. फिनिशमध्ये या प्रकाराला 'पिल्किमिनेन' म्हणतात, आमिषाला 'पिल्की' आणि मॉर्मिश्काला लाडाने 'मोरी'. मी मालवणकडची. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि मासे पकडायला जाण्याला गरवणं. त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात सहकाऱ्यांनी मला बर्फावर नेलं तेव्हा मला थंडीपेक्षा त्यांच्या डबीचं कुतूहल जास्त वाटलं. एवढ्या निरनिराळ्या आकारांच्या गऱ्या कशाला? हा लेख त्या प्रश्नातून निघाला. डबीतली प्रत्येक वस्तू कुठून आली हे शोधत गेले, तर प्रत्येकीमागे नदीने घातलेली एखादी अट सापडली.

नदीची अट

आधी पाणी समजून घेऊ. पाणी 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. त्यामुळे गोठलेल्या तळ्यात तळाचं पाणी वरच्यापेक्षा थोडं उबदार राहतं. नदीत मात्र प्रवाह सगळं ढवळून टाकतो. वरपासून तळापर्यंत पाणी जवळपास शून्य अंशाला. मासा हा थंड रक्ताचा प्राणी, त्याची पचनशक्ती आणि हालचाल दोन्ही मंदावतात. अशात प्रवाहाविरुद्ध पोहत राहणं त्याला परवडत नाही. म्हणून हिवाळ्यातला नदीतला मासा वळणाच्या आतल्या बाजूला, खडकामागे, खोल डोहात, जुन्या पात्राच्या कोपऱ्यात, जिथे पाणी संथ असेल तिथे तळाशी बसून राहतो. आमिषामागे तो लांब जाणार नाही. आमिषच त्याच्या तोंडापाशी न्यावं लागतं.

यातून आमिषावर तीन अटी येतात. ते पटकन तळाशी पोचलं पाहिजे, प्रवाहाने वाहून न जाता भोकाच्या खालीच राहिलं पाहिजे, आणि माणूस वरून फक्त वर-खाली करू शकतो, तेवढ्या हालचालीत ते जिवंत वाटलं पाहिजे. उन्हाळ्यात गळ फेकून ओढता येतो, बोटीमागे सोडता येतो. बर्फातल्या भोकातून एकच दिशा मिळते: उभी. गेल्या काही शतकांत लोकांनी जे काही बनवलं, ती या तीन अटींना दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत.

दातापासून शिशापर्यंत

बर्फाखालची मासेमारी फार जुनी. स्वीडनच्या ओलाउस माग्नुसने 1555 मध्ये उत्तरेकडच्या लोकांवर छापलेल्या ग्रंथात बर्फाखाली जाळी टाकून मासे धरणाऱ्यांची चित्रं आहेत. घरदार पोसायचं तर जाळंच लागायचं, पण त्यासाठी माणसं आणि घोडे हवेत. एकट्या माणसाचं काम गळाचं.

अलास्कात एडवर्ड विल्यम नेल्सन नावाचा माणूस 1877 ते 1881 या काळात सेंट मायकल इथे हवामानाच्या नोंदी घ्यायला नेमलेला होता. त्या नोकरीबरोबर त्याने तिथल्या लोकांच्या वस्तू स्मिथसोनियन संस्थेसाठी जमवल्या आणि 1899 मध्ये त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बर्फातून मासे धरायची साधनं बारकाईने नोंदलेली आहेत. वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेली, माशाच्या आकाराची आमिषं, त्यांत बसवलेले धातूचे काटे, शोभेला लावलेले रंगीत तुकडे. शोभा म्हणजे इथे कामाची गोष्ट: तळाच्या अंधारात माशाचं लक्ष वेधणारा ठिपका.

तिथल्या यूपिक भाषेत बर्फातून गळाने मासे धरण्याला 'मनाक' हे क्रियापद आहे, आणि पश्चिम अलास्कात आज इंग्रजी बोलणारी माणसंही तेच वापरतात. कुस्कोक्विम नदी गोठली की तिच्यावरून गाड्या धावतात, ती गावांमधला रस्ता होते आणि त्या रस्त्याच्या कडेला लोक भोकं पाडून पाइक आणि बर्बट धरतात. बायका, मुलं, म्हातारी माणसं सगळे. तिथे हा छंद नाही, रात्रीचं जेवण आहे.

रशियातली गोष्ट नोंदणारा माणूस लिओनिद सबानेयेव. जन्म 1844, मृत्यू 1898, शिक्षण प्राणिशास्त्राचं. त्याने उरलच्या भागात फिरून अभ्यास केला आणि 1875 मध्ये रशियातल्या माशांवर पुस्तक काढलं. प्रत्येक माशाची शरीररचना, सवयी आणि त्याला धरायच्या गावोगावच्या तऱ्हा त्याने एकत्र लिहिल्या. रशियन मासेमार त्याचं पुस्तक आजही वाचतात. मला त्यातली एक गोष्ट मोठी वाटते. शहरातला शिकलेला माणूस खेड्यातल्या मासेमाराकडे अडाणी म्हणून न पाहता माहितगार म्हणून पाहत होता. नाहीतर शेतकऱ्याने घरी ओतलेल्या शिशाच्या थेंबाची दखल कोण घेतं?

चुलीवरचा कारखाना

आता मॉर्मिश्का हातात घेऊन पाहू. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. कथील आणि शिशाचं डाखाचं मिश्रण तर 183 अंशांनाच. म्हणजे चूल, लोखंडी पळी आणि लाकडात कोरलेला साचा एवढ्यावर काम होतं. गळाची दांडी साच्यात ठेवायची, धातू ओतायचा, थंड झाल्यावर कानशीने घासायचं. हिवाळ्याच्या लांब रात्री याला पुरेशा होत्या.

घरोघरी कारखाना म्हटल्यावर आकारही घरोघरचे. छर्ऱ्यासारखी गोल ती 'द्रोबिन्का'. मॉर्मिशच्या पाठीसारखी बाकदार ती 'उराल्का'. दोन गळांची शिंगं असलेली 'कोझा', म्हणजे बकरी. उभट अंगाखाली तीन गळ पसरलेला 'चोर्तिक', म्हणजे छोटा सैतान. गळाच्या टोकाला डासासारख्या एका माशीची लाल अळी टोचायची रीत आहे, पण चोर्तिक आणि बकरीला अळी लागत नाही. हाताची थरथरच आमिष.

ही थरथर शिकायला सगळ्यात अवघड. काठी वीतभर-दीडवीत लांब, तिच्या टोकाला एक लवचीक पट्टी. रशियनमध्ये तिला 'किवोक' म्हणतात, म्हणजे मान डोलावणारा. पूर्वी ती रानडुकराच्या राठ केसाची किंवा घड्याळाच्या स्प्रिंगची असे, आता प्लास्टिकची. मनगट काही मिलिमीटर हललं की पट्टी डोलते आणि खाली मॉर्मिश्का पाय मारणाऱ्या मॉर्मिशसारखी कापते. तळाला टेकवायची, थोडा गाळ उडवायचा, थरथरवत हळूहळू वर आणायची, थांबायचं. बहुतेक वेळा मासा या थांबण्यात तोंड लावतो. हाताला काहीच कळत नाही, पट्टीची मान मात्र सरळ होते किंवा जरा जास्त झुकते. तेवढ्यावर ओढायचं.

फोनवर हे सगळं आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "अगो चेडवा, माशाक भूक आसली तर तो लागतलो. नायतर सोन्याची गरी टाक, काय उपयोग?" त्यांचं म्हणणं खरं आहे. पण शून्य अंशाच्या पाण्यात भूकच अर्धी झोपलेली असते. ही थरथर त्या अर्ध्या झोपलेल्या भुकेला दिलेली हाक आहे.

रात्रीचा ठोका

प्रत्येक मासा थरथरीला फसत नाही. बर्बट हा कॉड माशाचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. बाकी मासे सुस्त असताना तो ऐन हिवाळ्यात, बर्फाखाली अंडी घालतो आणि रात्री शिकार करतो. काळोख्या नदीत, बर्फाखाली, रात्री, आमिषाचा आकार कोण पाहणार? त्याच्यासाठी रशियात 'स्तुकाल्का' आहे. स्तुकाल्का म्हणजे ठोकणारी. जड शिशाचा शंकू, त्याला गळ, गळांवर माशाचे तुकडे. ती तळावर आपटायची, थोडा वेळ थांबायचं, पुन्हा आपटायची. ठोक्याची कंपनं पाण्यातून पसरतात, वास प्रवाहाबरोबर खाली जातो, आणि बर्बट त्या दिशेने येतो. मॉर्मिश्का डोळ्यांशी आणि अंगावरच्या कंपन टिपणाऱ्या रेषेशी बोलते, स्तुकाल्का कानाशी आणि नाकाशी.

इथे फिनलंडमध्ये पर्चसाठी धातूच्या उभट पट्टीची पिल्की वापरतात. तांबं, पितळ, चांदीचा मुलामा. रंगावरून लोक तासन् तास वाद घालतात, पण एका गोष्टीमागे विज्ञान आहे. उत्तरेकडच्या नद्यांचं पाणी दलदलीतून येतं आणि कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. अशा पाण्यात निळा प्रकाश आधी शोषला जातो, लालसर-नारिंगी प्रकाश जास्त खोल जातो. तिथे तांब्याची पट्टी चमकते. आणि नदीत पट्टी अरुंद आणि जाड घ्यायची. रुंद पातळ पट्टी तळ्यात पानासारखी सुंदर डोलते, प्रवाहात मात्र ती शिडासारखी वाहून जाते.

उभ्याचं आडवं

उभ्या हालचालीची अट मोडून काढली ती तोल सांभाळणाऱ्या आमिषाने. त्याची गोष्ट फिनलंडच्याच लाउरी रापालाशी जोडलेली आहे.

रापालाचा जन्म 1905 चा. पायेन्ने या मोठ्या तळ्यावर तो मासेमारी करून पोट भरायचा. जखमी, वाकडातिकडा पोहणारा मासा मोठ्या माशांना आधी दिसतो, हे त्याने पाहिलं, असं त्याच्या कंपनीचा इतिहास सांगतो. 1936 मध्ये त्याने बुचाच्या लाकडातून मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचं वार्निश दिलं. अमेरिकेत 1962 मध्ये 'लाइफ' मासिकात या आमिषावर लेख आला. मेरिलिन मन्‍रोच्या मृत्यूनंतरचा तो अंक प्रचंड खपला आणि रापाला हे नाव घराघरांत गेलं.

पण तो मासा ओढल्यावर पोहायचा. बर्फाखाली ओढणार कुठे? रापालाच्या कंपनीने बर्फासाठी केलेलं आमिष वेगळं आहे. शिशाचं माशासारखं आडवं अंग, पाठीच्या मधोमध दोरा बांधायची कडी, नाकाला आणि शेपटीला एकेक गळ, पोटाखाली तीन तोंडांचा गळ आणि मागे प्लास्टिकचं पारदर्शक पर. वर झटका दिला की पर पाण्यावर रेटतं, मासा बाजूला झेपावतो आणि वळून परत दोऱ्याखाली येतो. वरून उभा झटका, खाली आडवी झेप. रशियन याला 'बलान्सिर' म्हणतात. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत बल आणि त्याचे घटक काढायची इतकी सुबक आकृती मी पाहिली नव्हती.

नदीत हे परच वातकुक्कुटाचं काम करतं आणि आमिषाचं तोंड प्रवाहाकडे वळवतं, खऱ्या माशासारखं. मात्र प्रवाह जोराचा असेल तर ते एकाच जागी दाबलं जातं, झेप घेऊच शकत नाही. मग शहाणा माणूस ते डबीत ठेवतो आणि अरुंद जड पिल्की काढतो.

खरी क्रांती दोऱ्यात

आता डबीतली सगळ्यात महाग वस्तू: टंगस्टनची मॉर्मिश्का. शिशाची घनता 11.3, टंगस्टनची 19.3. त्यामुळे तेवढ्याच वजनात आकार लहान होतो, प्रवाह कमी ढकलतो. मी आकडे मांडून पाहिले. एक ग्रॅम शिशाची गोळी साधारण 5.5 मिलिमीटर व्यासाची, तेवढ्याच वजनाची टंगस्टनची 4.6 मिलिमीटरची. प्रवाहासमोर येणारं क्षेत्र 24 चौरस मिलिमीटरवरून 17 वर. सात चौरस मिलिमीटर वाचले.

मग दोऱ्याचं गणित केलं. तीन मीटर खोल पाण्यात 0.2 मिलिमीटर जाडीचा दोरा प्रवाहासमोर 600 चौरस मिलिमीटर धरतो. 0.1 मिलिमीटरचा दोरा 300. म्हणजे तंगूस एका आकड्याने बारीक केला की वाचतात 300. नदी तुमच्या आमिषाला फारशी ढकलतच नाही, ती तुमच्या दोऱ्याला ढकलते.

हे कळल्यावर इतिहास मला वेगळा दिसायला लागला. जुना दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, तागाचा किंवा रेशमाचा. केस शेपटीएवढाच लांब, म्हणून गाठी माराव्या लागत. ताग आणि रेशीम पाणी पितात, भोकाबाहेर आले की थंडीने काठीसारखे कडक होतात. 1938 मध्ये ड्यूपाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं. त्याच घराण्यातला धागा सोव्हिएत संघात 'काप्रोन' नावाने तयार झाला. अखंड, बारीक, जवळपास न दिसणारा, न गोठणारा. पाऊण ग्रॅमची खोटी कोळंबी वाहत्या पाण्यात तीन मीटर खाली उभी ठेवणं या धाग्याने सोपं केलं. श्रेय मात्र नेहमी आमिषाला मिळतं, कारण डबीत तेच चमकतं.

शिशाचा हिशेब

मग टंगस्टन कशाला? याचं उत्तर मासेमारीच्या बाहेर आहे. तुटलेल्या दोऱ्याबरोबर शिसं तळाशी पडतं. हंस आणि बदकं पोटात अन्न दळायला खडे गिळतात, त्यांत हे शिसंही गिळतात, आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये हंस असे मरत असल्याचं लक्षात आल्यावर 1987 मध्ये गळाच्या बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. इतर देशही त्या दिशेने गेले. टंगस्टनची मॉर्मिश्का प्रवाहात सात चौरस मिलिमीटर वाचवते, आणि शिवाय पाण्यात विष सोडत नाही.

पण टंगस्टन 3,422 अंशांना वितळतं. कुठल्याही चुलीवर नाही. त्याची भुकटी कारखान्यात दाबून, तापवून मणी करतात आणि ते विकत घ्यावे लागतात. दोनशे प्रकारच्या बकऱ्या आणि सैतान जन्माला आले कारण कोणताही गावकरी एका रात्रीत नवा आकार ओतून दुसऱ्या दिवशी नदीवर तपासू शकत होता. आकार जमला नाही तर पुन्हा पळीत टाकून वितळवत होता. मी ज्या धंद्यात आहे तिथे आम्ही याच गोष्टीला फार मान देतो: चूक स्वस्त असली की शोध लागतात. शिसं गेल्यावर ती स्वस्त चूक गेली.

मी यात हंसांच्या बाजूने आहे. चुलीवर शिसं वितळवणाऱ्याच्या फुप्फुसातही ते जातं, घरातल्या मुलांच्याही. हा कारखाना बंद व्हायलाच हवा होता. फक्त तो बंद करताना आपण काय बंद केलं हे माहीत असावं. इथली काही माणसं आता कारखान्यातले मणी विकत घेऊन घरी गळावर डाखतात, त्यावर रंग आणि मणी चढवतात. चूल गेली तरी हाताला काम ठेवायची ही वाट मला आवडते.

बर्फाची वही

आमिष कोणतंही घ्या, खाली आधी बर्फ लागतो. नदीचा बर्फ तळ्यासारखा विश्वासू नसतो. प्रवाह त्याला खालून खात राहतो, त्यामुळे एका पावलावर हातभर जाड आणि चार पावलांवर पातळ असं असू शकतं. म्हणून जुनी माणसं पुढे 'तूरा' नावाची लोखंडी पहार आपटत चालतात आणि तिच्या आवाजावरून ठरवतात. गळ्यात 'नास्कालित' अडकवलेली असतात, दोन टोकदार मुठी. पाण्यात पडलात तर त्या बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं. नदीवर जायचं ठरवलंत तर टंगस्टनच्या आधी या दोन गोष्टी घ्या, आणि एकटे जाऊ नका. फिनलंडमध्ये पिल्किमिनेनला परवाना लागत नाही, पण सॅमनसारखे मासे जिथून वर चढतात त्या नद्यांच्या वेगवान भागांत ते चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

आमच्या उत्तरेला, फिनलंड आणि स्वीडनच्या सीमेवर तोर्नियो नदी आहे. तिचा बर्फ दर वसंतात कधी फुटतो याची नोंद ओलोफ आल्बोम नावाच्या व्यापाऱ्याने 1693 मध्ये सुरू केली, आणि पुढच्या पिढ्यांनी ती चालू ठेवली. मराठी मुलखात राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते, त्या काळातली ही वही. नदीच्या बर्फाची इतकी लांब नोंद जगात क्वचितच आहे. तिच्यात बर्फ फुटण्याची तारीख हळूहळू लवकर सरकत आलेली दिसते, आणि औद्योगिक काळानंतर ती जास्त वेगाने सरकली आहे.

म्हणून डबीकडे पाहताना मला आता आकारांपेक्षा त्यांचा क्रम दिसतो. सुळ्याचा मासा, शिशाचा थेंब, काप्रोनचा धागा, तोल सांभाळणारं पर, टंगस्टनचा मणी. प्रत्येक पिढीने नदीच्या अटी तशाच धरल्या आणि उत्तर सुधारलं. पुढच्या पिढीला मात्र पहिल्यांदाच अटच बदललेली मिळेल: बर्फ येईल उशिरा, जाईल लवकर, आणि मधल्या दिवसांतही पहारीचा आवाज दर वेळी नीट ऐकावा लागेल.